परवानगी कुणाची?

रफूगार चाचांवरची फिल्म तीन मिनिटांची होणार होती. आमच्या गटातल्या चार मुलांनी ठरवलं होतं की आपल्या जिल्ह्यातली, आता संपत चाललेली हातकामं मोबाइलवर टिपायची. पहिला नंबर चाचांचा. नगरपालिकेच्या बाजारात एका ओट्यावर ते चाळीसेक वर्षं बसतात. शालीला पडलेलं छिद्र असं भरतात की दुसऱ्या दिवशी ते कुठे होतं हे मालकालाही सापडत नाही. मुलांनी ट्रायपॉड लावला, चाचांनी टोपी नीट केली, आणि दहा मिनिटांत एक गृहस्थ येऊन उभे राहिले. "परमिशन आहे का बे? कोन पाठवलं तुमाले?"

मुलांनी विचारलं, परवानगी कुणाची घ्यायची? "वरून आना," म्हणाले. वर म्हणजे कुठे, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं.

पुढचे एकोणीस दिवस आम्ही हे 'वर' शोधत होतो. एका कार्यालयाने सांगितलं, पोलिसांकडून आणा. पोलिसांकडे गेलो तर म्हणे जागा आमची नाही, मालकी ज्यांची त्यांच्याकडे जा. तिसऱ्या टेबलावर अर्ज वाचायच्या आधी नावं वाचली गेली. चारही नावं वाचून झाल्यावर प्रश्न आला, "हे नेमकं कशासाठी?" याच बाजाराच्या कमानीखाली दर लग्नसराईत प्री-वेडिंगवाले धूर सोडतात, ड्रोन फिरवतात. त्यांना हा प्रश्न कुणी विचारलेला मी पाहिला नाही.

त्या संध्याकाळी मुलांपैकी एकजण म्हणाला, "सर, अर्ज आपल्या हिंदू मित्राच्या नावानं देऊ. लवकर होईल." मित्रही तयार होता, आनंदानं. मी म्हणालो, ठीक आहे. हे मी आज लिहितोय कारण ते 'ठीक आहे' माझ्या घशात अजून अडकलेलं आहे. ज्या मुलांना मी दर महिन्याला या पानावरून नागरिक म्हणून बोलावतो, त्यांना मी एका झेरॉक्सच्या दुकानात शिकवलं की आपलं नाव खिशात ठेवलं तर काम होतं.

दोस्तांनो, या गोष्टीचा वर्ध्याशी असलेला एक जुना धागा सांगतो. सेवाग्रामला गांधीजींचे पुतण-नातू कनू गांधी राहत. विनोबांचे भाऊ शिवाजी यांनी त्यांना छायाचित्रणाकडे वळवलं. बापूंना विचारलं तर ते म्हणाले, आश्रमाकडे यासाठी पैसे नाहीत. मग घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या 100 रुपयांतून रोलायफ्लेक्स कॅमेरा आणि रोल आला. बापूंच्या अटी तीन: फ्लॅश वापरायचा नाही, मी पोज देणार नाही, आणि आश्रम खर्च करणार नाही. सेवाग्रामचे गांधी आज आपल्याला ज्या फोटोंतून दिसतात, त्यातले कितीतरी या तीन वाक्यांच्या परवानगीवर काढलेले आहेत. परवानगी असावी तर अशी. काय करायचं नाही ते स्पष्ट, आणि बाकी सगळं मोकळं. कनूंना 'कशासाठी' असा दाखला कुठून आणावा लागला नाही.

आता कायद्याचं. इथेही वर्धाच कामाला येतं. मार्च 2018मध्ये वर्ध्यात एक गृहस्थ शेजाऱ्याशी झालेल्या वादावरून पोलीस ठाण्यात गेले आणि तिथलं बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करत असल्याचं पोलिसांच्या लक्षात आलं. गुन्हा कोणता लागला? शासकीय गुपिते अधिनियम, 1923. म्हणजे इंग्रजांनी हेरांसाठी केलेला कायदा, कलम 3. चार वर्षं ते लढले. जुलै 2022मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्या. मनीष पितळे आणि न्या. वाल्मिकी मेनेझेस यांनी, तो गुन्हा रद्द केला. कारण अगदी साधं होतं: कायद्याच्या कलम 2(8)मध्ये 'प्रतिबंधित ठिकाण' म्हणजे काय याची व्याख्या दिली आहे आणि त्यात पोलीस ठाणं येत नाही. जे यादीत नाही ते मनाने घालता येत नाही.

हा निकाल मी दोनदा वाचला. यातून कुठेही कॅमेरा चालवण्याचा परवाना मिळत नाही, कृपा करून तसा समज करून घेऊ नका. पण त्यातली पद्धत उचलण्यासारखी आहे: अडवणाऱ्याने कायद्यातला शब्द दाखवावा. शिवाय काळ उलटा फिरला आहे. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2020मध्ये प्रत्येक पोलीस ठाण्यात आवाजासह रेकॉर्ड करणारे सीसीटीव्ही लावायला सांगितलं. 1 जुलै 2024पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105नुसार झडती-जप्ती होताना पोलिसांनी स्वतःच चित्रीकरण करायचं आहे, शक्यतो मोबाइलवर. ज्या मोबाइलपायी 2018मध्ये गुन्हा लागला, तोच आता तपासाचं साधन आहे.

खरी प्रतिबंधित जागाही आपल्याच जिल्ह्यात आहे, हे विसरू नका. पुलगावचा केंद्रीय दारूगोळा भांडार. 31 मे 2016च्या आगीनंतर तो सगळ्या देशाला माहीत झाला. त्या कुंपणाच्या आसपास मोबाइल काढू नका, गंमत म्हणून तर नाहीच नाही. तिथे तुमचं नाव काहीही असो, कायदा यादीतल्या शब्दासकट उभा आहे. आणि आपल्या नावाच्या मुलाला तिथे 'चूक झाली' म्हणून सोडून देतील, या भरवशावर मी कुणालाच राहू देणार नाही.

बोर व्याघ्र प्रकल्पात चित्रीकरण करायचं तर वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972च्या कलम 28खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते, त्यांचं कार्यालय नागपूरला. फलाटावर फिल्म करायची तर मध्य रेल्वे. ड्रोनसाठी 2021चे नियम आहेत. डिजिटल स्कायच्या नकाशावर हिरवं, पिवळं, लाल क्षेत्र बघूनच उडवा. 250 ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचा परवाना लागत नाही, पण लाल क्षेत्रात तोही चालत नाही. मोठ्या चित्रीकरणासाठी राज्याची एक खिडकी योजना आहे, गोरेगावच्या चित्रनगरीचं महामंडळ ती चालवतं. ती सिनेमावाल्यांच्या मापाची आहे. चार मुलं आणि एक मोबाइल, यांच्या मापाची खिडकी मला अजून सापडलेली नाही. नगरपालिकेच्या जागेसाठी मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने अर्ज द्यावा, रहदारी अडणार असेल तर एक प्रत पोलीस ठाण्याला, हे आम्ही धक्के खाऊन शिकलो.

अर्ज दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. आवक क्रमांक नसलेला अर्ज म्हणजे तुम्ही साहेबांना सांगितलेली एक गोष्ट, बस. कुणी व्हिडिओ 'डिलीट कर' म्हणालं तर शांतपणे विचारा, कोणत्या कलमाखाली. पोलिसांना पुरावा म्हणून फोन जप्त करता येतो, पण त्याला पंचनामा लागतो. पुसायला लावणं हे जप्तीत बसत नाही. आवाज चढवू नका. चार मुलं आवाज चढवून बोलत होती, हे वाक्य उद्याच्या बातमीत कसं दिसेल ते तुम्हाला माहीत आहे.

आणि एक बाजू आपलीही. गिरडच्या टेकडीवर दर्ग्यात येणाऱ्या बायकांचे चेहरे न विचारता टिपून रील टाकणारी मुलंही आपलीच आहेत. तिथे कुणी अडवत नाही म्हणून ते चालतं. सरकारकडे परवानगीचा हक्काने हिशेब मागणाऱ्याने समोरच्या बाईला 'काढू का?' एवढं विचारायला हरकत नसावी. चाचांना आम्ही विचारलं होतं. त्यांची अट एकच, हात दाखवा, सुईचं टोक दाखवू नका, ती कला घरची आहे.

मित्राच्या नावाचा तो अर्ज आम्ही दिलाच नाही. तो माझ्या टेबलावर दोन दिवस पडून होता, मग मी मुलांना बोलावून फाडला. नवीन अर्जावर चौघांची पूर्ण नावं आहेत, वडिलांच्या नावासकट, आणि खाली पाचवी सही त्या मित्राची, गटाचा सदस्य म्हणून. 'चित्रीकरणाचा उद्देश' या रकान्यात मुलांनी लिहिलंय: रफू कसा करतात ते दाखवणे. टपाल शाखेतल्या बाईंनी ते वाचलं, हसल्या आणि शिक्का मारला. आवक क्रमांक मिळाला आहे, उत्तर अजून नाही. चाचा रोज विचारतात, टोपी धुवून ठेवू का.