रणभूमीची पाटी कोणी लिहायची?

दिल्लीतील मराठी स्मारकांचा प्रश्न २०२५ च्या प्रारंभी पुन्हा ऐरणीवर आला. ७१ वर्षांच्या खंडानंतर राजधानीत भरलेले अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन फेब्रुवारीत तालकटोरा स्टेडियमवर पार पडले. पुढच्याच महिन्यात स्वागताध्यक्ष शरद पवार यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून त्याच आवारात थोरले बाजीराव, महादजी शिंदे आणि मल्हारराव होळकर यांचे पूर्णाकृती अश्वारूढ पुतळे उभारण्यास परवानगी मिळावी, अशी विनंती केली. त्याच मार्चमध्ये महाराष्ट्राच्या अर्थसंकल्पात पानिपतच्या स्मारकाची घोषणा झाली. सत्ताधारी आणि विरोधक या विषयावर एका सुरात बोलतात, ही दिल्लीत विरळाच गोष्ट. मात्र या एकमतात पुतळा आणि रणभूमी यांतला फरक पुसला जात आहे.

पुतळा व्यक्तीचा असतो आणि त्याची जागा सोयीने ठरते. मार्च १७३७ मध्ये बाजीरावांच्या फौजेने दिल्लीच्या वेशीवर मोगल सैन्याची दाणादाण उडवली, त्या घटनेशी तालकटोऱ्याचे नाव परंपरेने जोडले जाते. तेथे निदान काही औचित्य आहे. उरलेल्या जागांचे काय? १० जानेवारी १७६० रोजी दत्ताजी शिंदे यमुनाकाठी बुराडी घाटावर पडले. त्यांचे अखेरचे उद्गार मराठी शाळकरी मुलालाही ठाऊक असतात. पण दिल्लीच्या रिक्षाचालकाला बुराडी ठाऊक असते ती परिवहन कार्यालयामुळे. पटपडगंजचीही तीच गत. ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा येथे पराभव केला आणि दिल्लीवरील मराठ्यांचा अंमल संपला. आसईची लढाई त्यानंतर बाराव्या दिवशी झाली, आणि वर्षअखेरच्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने या सत्तांतरावर शिक्कामोर्तब झाले. एवढ्या निर्णायक लढाईची खूण म्हणजे एक स्तंभ. तो आज नोएडाच्या गोल्फ मैदानाच्या आवारात उभा आहे. तो जेत्यांनी उभारला, त्यावरचा मजकूरही जेत्यांचाच.

याला अनास्था जितकी कारणीभूत, तितकीच कायद्याची घडणही. १९५८ चा प्राचीन स्मारक कायदा वास्तू, अवशेष आणि पुरावशेष यांची भाषा बोलतो. लढाई मोकळ्या शेतात होते. तिथे भिंत नसते, कमान नसते, आणि दोनशे वर्षांनी त्या शेतावर वसाहत उभी राहिली की संरक्षित करण्याजोगे काही उरत नाही. पुतळ्यांपुढची अडचण वेगळी आहे. सार्वजनिक रस्ते, पदपथ आणि लोकोपयोगी जागांवर पुतळ्यांना परवानगी देऊ नये, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१३ मध्ये दिला. त्यामुळे प्रत्येक प्रस्ताव एखाद्या संस्थेच्या आवाराचा आडोसा शोधत फिरतो. साध्या माहितीफलकाला एवढे सायास पडू नयेत. तरीही फलकाची मागणी कोणी करत नाही, कारण फलकाच्या अनावरणाला मोठे पाहुणे येत नाहीत.

हे फलक कोणासाठी, याचे उत्तर करोल बागेत मिळते. बीडनपुरा आणि बँक स्ट्रीटच्या सराफ बाजारात, दुकानांच्या झगमगाटामागच्या खोल्यांत मराठी गलाई कारागीर सोने-चांदी गाळण्याचे काम करतात. त्यांतले बरेचसे सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडीकडचे. बीडनपुरा हे नाव एका इंग्रज अधिकाऱ्याचे, याचा तिथल्या रहिवाशालाही पत्ता नसतो. नाव मात्र टिकले. महाराष्ट्रातून बदलीवर आलेला अधिकारी दोन-चार वर्षांत परततो. गलाईवाल्यांची मुले दिल्लीतच शिकतात, आणि मराठे या शहरात कधी आणि कशासाठी आले होते हे त्यांना सांगणारी खूण शहरात शोधावी लागते.

गाळलेल्या चांदीचा एक प्रसंग तर थेट लाल किल्ल्यातला आहे. १७६० मध्ये दिल्ली हाती आल्यावर सदाशिवरावभाऊंनी दिवाण-ए-खासचे चांदीचे छत उतरवून गाळले आणि त्याचे रुपये पाडले. फौजेचा पगार तुंबला होता, दाणागोटा संपत आला होता आणि पुण्याहून पैसा येत नव्हता. पानिपतचा पराभव समजून घ्यायचा तर हे छत वगळून चालणार नाही. प्रस्तावित स्मारकाच्या मजकुरात त्याला जागा मिळेल का?

खरी कसोटी तिथेच आहे. पानिपतावर इब्राहिमखान गारदी मराठ्यांच्या बाजूने लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. भाऊंपासून दुरावलेल्या सूरजमल जाटाने पराभवानंतर मराठी निर्वासितांना आसरा दिला. पटपडगंजला शिंद्यांच्या कवायती पलटणींत बहुतांश हिंदुस्थानी शिपाई होते, सेनापती लुई बुर्कां फ्रेंच होता, आणि त्याचा वरिष्ठ पेराँ लढाईपूर्वीच इंग्रजांच्या आश्रयाला गेला होता. एका धर्माविरुद्ध दुसरा, असा सोपा मजकूर या दोन्ही रणांगणांवर टिकणारा नाही. तसा मजकूर लिहिण्याचा मोह मात्र आजच्या राजकारणात प्रबळ आहे.

जेत्यांच्या स्तंभाला वेगळा अर्थ देता येतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. भीमा कोरेगावचा स्तंभ कंपनी सरकारने आपल्या पराक्रमासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्यानंतर तो दलित अस्मितेचा मानबिंदू ठरला. दगड बदलला नाही, येणारी माणसे बदलली. २०१८ मध्ये त्याच परिसरात हिंसाचार झाला, यावरून अशा खुणांचे मोल किती जिवंत असते ते दिसते. नोएडाच्या स्तंभाकडे मात्र माणसेच फिरकत नाहीत, कारण तिथवर जाण्याची वाट गोल्फ मैदानाच्या फाटकातून जाते.

पानिपत हरयाणात, बुराडी दिल्लीत, पटपडगंजच्या लढाईचा स्तंभ उत्तर प्रदेशात. महाराष्ट्र शासनाला या तीन राज्यांशी स्वतंत्रपणे बोलावे लागेल. भव्य स्मारकाचा आराखडा, जमीन आणि निविदा यांत वर्षे जातील, हा अनुभव अरबी समुद्रातील शिवस्मारकाने दिलेला आहेच. त्यामानाने नोएडाच्या स्तंभाशेजारी मराठी, हिंदी आणि इंग्रजीत दहा ओळींचा फलक बसवणे आणि वर्षातून एक दिवस, ११ सप्टेंबरला, फाटक सर्वांसाठी उघडे ठेवणे, एवढ्यासाठी दिल्लीतील निवासी आयुक्त कार्यालयाचा एक पत्रव्यवहार सुरुवातीला पुरेसा ठरावा.