किल्ली हातात देण्यापूर्वी

जून-जुलै आला की आमच्या फैजपूर-सावदा-यावल पट्ट्यातल्या घरांतून मुले पुण्याला निघतात. कुणी इंजिनिअरिंगला, कुणी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत, कुणी चाकण-हिंजवडीला नोकरीवर. गादी जाते, लोणच्याची बरणी जाते आणि महिन्याभरात मागाहून मोटारसायकलही जाते. ‘तिथे गाडीशिवाय भागत नाही,’ असे मुलगा फोनवर सांगतो आणि बाप काही न बोलता ती पाठवून देतो.

मुलगा खोटे बोलत नाही. पुणे एके काळी सायकलींचे शहर होते. १९७२ मध्ये बजाजची चेतक आली, पुढे १९८५ मध्ये थोड्या पेट्रोलात लांब पळणारी हीरो होंडा आली, आणि सायकली हळूहळू भिंतीला टेकल्या. शहर हडपसर, वाघोली, हिंजवडीपर्यंत पसरले, पण बस त्या वेगाने पसरली नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवडच्या बससेवा २००७ मध्ये एक झाल्या, २०२२ च्या मार्चमध्ये मेट्रोही धावू लागली. तरी स्टेशनापासून खोलीपर्यंतचे दोन-तीन किलोमीटर उरतातच. तेव्हा मोटारसायकल ही बहुतेकांची चैन नव्हे. ती न आलेली बस आहे. ‘हल्लीची पोरे बेफाम’ असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे.

मात्र गावची फटफटी आणि शहरातली मोटारसायकल ही दोन वेगळी वाहने आहेत. गावात तिच्यावर दुधाचे कॅन येतात, चाऱ्याचा भारा येतो, आणि सावद्यापर्यंत कोण कुणाचा मुलगा हे समोरच्याला ठाऊक असते. शहरात समोरचा तुम्हाला ओळखत नाही, आणि पुष्कळदा पाहतही नाही. बसच्या मागच्या चाकाशेजारी चालणारा दुचाकीस्वार ड्रायव्हरला आरशात दिसेलच असे नाही. उभ्या मोटारीचे दार केव्हाही उघडते. रिक्षा प्रवासी दिसताच जागच्या जागी थांबते. पहिल्या पावसात रस्त्यावरचे तेल वर येते. ताशी ४० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते; खिशातला फोन वाजला म्हणून नजर खाली गेली की तेवढा रस्ता आंधळेपणाने कापला जातो. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते. वीस मिनिटे वाचवण्यासाठी ज्या फटीतून आपण शिरतो, ती फट दोन्हीकडची वाहने केव्हाही मिटवू शकतात.

आता हेल्मेट. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे गेली. त्यांत दुचाकीवरची सुमारे ७५ हजार. हेल्मेट न घातलेल्यांची संख्या ५० हजारांहून अधिक, आणि त्यांत मागे बसलेलेही हजारोंनी होते. तरी २०१९ च्या जानेवारीत पुण्यात पोलिसांनी हेल्मेट सक्तीने लागू करताच विरोधाचे मोर्चे निघाले. शहरात वेगच नसतो, मान दुखते, ठेवायचे कुठे, अशा तक्रारी. डोके दुभाजकावर आपटायला फार वेग लागत नाही. उरला सक्तीचा राग. तो मला समजतो; माझे गाव काँग्रेसच्या १९३६ च्या अधिवेशनाचे. खेड्यात भरलेले ते पहिले अधिवेशन. पण कायदा मोडणारी ती पिढी त्याची किंमत स्वतः तुरुंगात जाऊन मोजत होती. इथे ती किंमत दवाखान्याच्या बाकावर बसलेली आई मोजते.

बँकेत वाहनकर्जाची शेकडो प्रकरणे माझ्या टेबलावरून गेली. कोटेशन, मार्जिन, विमा, जामीनदार, सहीखाली सही. हप्ता थकला तर कुणाला धरायचे हे त्या कागदांवर नीट लिहिलेले असे. हेल्मेटला मात्र कुठे रकाना नव्हता. वास्तविक केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १३८ व्या नियमात, दुचाकी विकताना उत्पादकाने प्रमाणित हेल्मेट द्यावे, अशी तरतूद आहे. शोरूममध्ये सीटकव्हर आणि क्रॅशगार्डसाठी घासाघीस करणारे आपण हे हेल्मेट मात्र मागत नाही. मागितले पाहिजे, आणि मागे बसणाऱ्यासाठी दुसरे विकत घेतले पाहिजे.

महापालिकांकडे बस मागायची, चालण्याजोगे फुटपाथ मागायचे, हे काम तर आहेच. ते जोरात करावे. पण त्याला वर्षे लागतील आणि मुलगा उद्या सकाळी निघणार आहे. म्हणून घरच्यांनी करण्याजोगे थोडेसे सांगतो. गाडी पाठवण्याआधी तिचे ब्रेक आणि टायर तपासून घ्यावेत. पहिले काही दिवस मुलाने बसने फिरून रस्ते ओळखावेत. आणि संध्याकाळी साडेसहाला, कचेऱ्या सुटायच्या वेळी, ‘कुठे पोहोचलास?’ म्हणून फोन करू नये. आईचा फोन आहे म्हणून पोरगे हँडलवरचा हात काढते. काळजीने केलेला फोनही अपघाताला कारण होऊ शकतो. तो खोलीवर पोहोचला की स्वतःच करील. तेवढा अर्धा तास आपण कळ काढावी.