ट्रॅक्टरचे वार्षिक स्नान

खंडेनवमीला बेळगाव-खानापूरकडील खेड्यांतून ट्रॅक्टर धुतले जातात, त्यांना झेंडूच्या माळा चढतात, नारळ फुटतो. त्यानंतर कित्येक ट्रॅक्टर पुढील नवमीपर्यंत चिखलातच राहतात. ‘राबणारे यंत्र मळायचेच; स्वच्छ ट्रॅक्टर हा रिकामटेकड्याचा,’ असे त्याचे समर्थनही ऐटीने केले जाते. हे समर्थन आम्हांस मुळीच मान्य नाही.

रंगाला झिलई द्यावी, गोंडे बांधावे, ही ज्याची त्याची हौस. तिच्याशी आम्हांस कर्तव्य नाही. आमचा आग्रह स्वच्छतेचा आहे, आणि स्वच्छता हे देखभालीचे पहिले अंग होय. रेडिएटरच्या जाळीत भुसा व माती बसली की वारा अडतो आणि इंजिन तापते. गळणारे तेल, ढिला बोल्ट, चिरलेली नळी ही धुतलेल्या यंत्रावर तत्काळ दिसतात. चिखलाच्या थराखाली ती महिनोन्‌महिने लपून राहतात. खतांचे क्षार पत्रा खातात, आणि चाकाला चिकटलेल्या मातीबरोबर गाजरगवताचे बी एका शेतातून दुसऱ्या शेतात जाते. आमच्या वाडवडिलांनी बैल केवळ बेंदराच्या दिवशीच धुतला काय? अंगावरून रोज हात फिरे, म्हणून खांद्याची सूज आणि कातडीतली गोचीड वेळीच सापडे.

शिवाय हा मळ मालकाची खाजगी बाब राहत नाही. उसाच्या हंगामात भरल्या ट्रॉल्या ओढीत ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर येतात. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी वाहनाला रिफ्लेक्टर आवश्यक ठरविले आहेत. परंतु चिखलाने माखलेला रिफ्लेक्टर असून नसल्यासारखाच. मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला पुढची ट्रॉली दिसत नाही, आणि एका फडक्याच्या आळसापायी एखाद्या घरचा कर्ता पुरुष जातो. याला कामाचे भूषण म्हणावयाचे काय?

पाण्याने यंत्र बिघडते, हा आक्षेप अगदीच निराधार नाही. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणे, बेअरिंगांवर व विजेच्या तारांवर जोराचा फवारा मारणे, हे अज्ञान आहे. यंत्र निवू द्यावे, माती आधी खरवडून काढावी, बेताच्या पाण्याने धुवावे आणि मग ग्रीस भरावे. चुकीच्या रीतीने धुतल्याने होणारी हानी हे न धुण्याचे कारण होऊ शकत नाही.

मात्र धुवावे कोठे, याविषयी आम्हांस कठोर बोलणे भाग आहे. ट्रॅक्टर नदीत उतरवून किंवा देवळाच्या तळीकाठी उभा करून धुणे म्हणजे आपला मळ दुसऱ्याच्या ओंजळीत टाकणे. 1974 च्या जलप्रदूषण कायद्याचे 24 वे कलम प्रवाहात व विहिरीत दूषित द्रव्य जाणूनबुजून सोडण्यास मनाई करते. कायदा बाजूला ठेवला, तरी ज्या पाण्याने देवाला अभिषेक व्हावयाचा त्यावर डिझेलचा तवंग आणणाऱ्याने पूजेचे नाव कोणत्या तोंडाने घ्यावे? तेलकट भाग आधी चिंधीने पुसून, विहीर-ओढ्यापासून दूर, आपल्याच जागेत धुण्यास काय अडचण आहे?

देवळात पुजारी रोज सकाळी आधी निर्माल्य काढतो, मग पूजा मांडतो. गेल्या दसऱ्याला काढले होते, असे तो म्हणत नाही. देवस्थान समित्यांनी तळीवर व घाटावर वाहने धुण्यास स्पष्ट बंदी करावी, आणि येत्या खंडेनवमीला माळ घालण्यापूर्वी ट्रॉलीचा मागचा दिवा व रिफ्लेक्टर पुसले आहेत की नाहीत, हे प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्यांनी स्वतः पाहावे, अशी आमची मागणी आहे.