डेसिबल सर्वांना सारखेच लावा

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं, भोंगा हा धर्माचा अत्यावश्यक भाग नाही. मान्य! निवासी भागात रात्रीची ४५ डेसिबलची मर्यादा मशिदीने पाळावी, मंदिराने आणि डीजेनेही पाळावी.

पण विमानाचं काय? २०१८च्या अधिसूचनेने वर्दळीच्या विमानतळाभोवती रात्री ६५ डेसिबलची मुभा दिली. २० डेसिबल जास्त म्हणजे शंभरपट ध्वनिऊर्जा. फ्रँकफर्टमध्ये रात्री ११ ते पहाटे ५ नियोजित उड्डाणं बंद असतात.

२५ डिसेंबर २०२५ला नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणं सुरू झाली. मुंब्रा-कौसा, कल्याण, डोंबिवलीच्या दोस्तांनो, भोंग्याच्या वादात किती दिवस अडकणार? रात्रीची उड्डाणं वाढण्याआधीच प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मागणी करा: आमच्या वस्त्यांत ध्वनिमापक बसवा, आकडे जाहीर करा. झोपेला धर्म नसतो.