एकच थापटणे

धर्मचिकित्सेचा विषय निघाला की महाराष्ट्रात एक प्रतिप्रश्न ठरलेला असतो : 'हेच त्यांच्या धर्माबद्दल बोलून दाखवाल काय?' मग बोलणारा बिचकतो आणि इतर धर्मांवरही दोन-दोन वाक्ये टाकून समतोलाचा हिशेब पुरा करतो. इहवादी दृष्टीने सर्व धर्मांवर सारखीच टीका व्हावयास हवी काय, हा प्रश्न अशा वाटणीने सुटेल असे आम्हांस वाटत नाही. 'सारखी' या शब्दाचा अर्थ आधी ठरवावा लागेल. तो ठरविण्यास धाराशिव जिल्ह्यात घडलेला एक प्रसंग उपयोगी पडावा.

१० ते १२ जानेवारी २०२० या काळात उस्मानाबाद येथे, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो : वसईचे कॅथलिक धर्मगुरू, 'सुवार्ता'चे दीर्घकाळचे संपादक, 'सुबोध बायबल'चे कर्ते, हरित वसईच्या चळवळीतले अग्रणी. निवड जाहीर होताच विरोध सुरू झाला. उद्घाटक ना. धों. महानोर यांनी जाऊ नये, असाही आग्रह धरण्यात आला. महानोर गेले, संमेलन पार पडले. दिब्रिटो २०२४ साली निवर्तले. वाद मात्र विचारात घ्यावा असा आहे.

विरोधकांचा रोख होता तो दिब्रिटो ख्रिस्ती धर्मगुरू आहेत यावर. त्यांच्या लेखनातील अमुक विधान चुकीचे, असा मुद्दा वादाच्या केंद्रस्थानी नव्हता. माणसाचा झगा पाहून त्याला व्यासपीठ नाकारणे यास धर्मचिकित्सा म्हणता येत नाही. चिकित्सा करावयाची तर वाव भरपूर होता. कॅथलिक चर्च स्त्रीला धर्मगुरूपद का देत नाही? गोव्यात १५६० साली सुरू झालेल्या इन्क्विझिशनकडे ख्रिस्ती मराठी लेखकाने कसे पाहावे? हे प्रश्न रास्त होते, आणि दिब्रिटो यांच्यासारख्या विचारी लेखकाला ते विचारणे हा त्यांचा सन्मानच ठरला असता. त्या गदारोळात ते बाजूला पडले. विरोधकांना प्रश्नांत रस नव्हता. आणि अनेक पाठीराख्यांना पाहुण्याला प्रश्न विचारणे म्हणजे शत्रूस मिळणे वाटले. टीकेच्या नावाने बहिष्कार आणि निधर्मीपणाच्या नावाने आदरातिथ्य, असा हा दुहेरी घोटाळा होता.

योगायोग असा, की त्या संमेलननगरीला संत गोरोबाकाकांचे नाव दिले होते. गोरोबा याच जिल्ह्यातल्या तेरचे. त्यांच्या घरी संतमंडळी जमली असता मुक्ताबाईने विचारले, हे काय? गोरोबा म्हणाले, थापटणे. याने मडके कच्चे की पक्के ते कळते. मग त्यांनी एकेका संताच्या डोक्यावर थापटणे मारून पाहिले. सारे निमूट बसले. नामदेव तेवढे चिडले आणि कच्चे ठरले. ही कथा आपण वर्गात गुरुमहिमा म्हणून शिकवितो. आम्हांस तीत परीक्षेचा एक नियमही दिसतो. थापटणे सर्वांना एकच, पण निकाल एकच नाही. नाद ज्याचा त्याचा. साहित्याच्या अभ्यासकांना हे नवे नसावे : सर्व कवितांना एक निकष लावणारा समीक्षक सर्वांना समान गुण देत नाही.

धर्मांच्या बाबतीत हे थापटणे कोणते? आमच्या मते प्रश्न थोडके आहेत. या धर्मसत्तेखाली कोण दबले आहे? त्याला प्रश्न विचारता येतो काय, बाहेर पडता येते काय? देवाच्या नावाने जमणाऱ्या पैशाचा आणि जमिनीचा हिशेब कोण देतो? तुळजापूरच्या देवस्थानाला, दर्ग्याच्या वक्फला आणि चर्चच्या मालमत्तेला शेवटचा प्रश्न अक्षरही न बदलता विचारता येतो. ज्या जिल्ह्यात सार्वजनिक जीवन प्रामुख्याने एका धर्माच्या सणांवर आणि देवळांवर चालते, तेथे त्या धर्माच्या वाट्याला टीका अधिक येणार. हा पक्षपात नव्हे.

मात्र या युक्तिवादाचीही एक पळवाट होते. 'ते अल्पसंख्य आहेत, त्यांच्याविषयी नंतर बोलू' असे म्हणणारा बाहेरची सत्ता मोजतो, आतली विसरतो. तलाक दिलेल्या बाईला तिची जमात अल्पसंख्य नसते. तीच तिचे सरकार असते. हमीद दलवाई यांनी हे ओळखले. १८ एप्रिल १९६६ रोजी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेऊन त्यांनी तोंडी तलाक रद्द करण्याची मागणी केली, आणि १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापिले. एका दमातील तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरविला तो २०१७ साली. मधल्या एक्कावन्न वर्षांत 'नंतर बोलू' म्हणणाऱ्या पुरोगाम्यांचाही वाटा आहे.

उलट बाजूची तक्रारही तपासावी. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर ऑगस्ट २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी अध्यादेश निघाला. हा कायदा केवळ हिंदूंविरुद्ध आहे, असा प्रचार वर्षानुवर्षे चालला होता. त्या अध्यादेशाखालील पहिला गुन्हा नोंदला गेला तो नांदेडात, चमत्कारी औषधांची जाहिरात करणाऱ्या दोन मुस्लिम इसमांवर. कायद्याने नाव पाहिले नाही, कृत्य पाहिले.

अखेर थापटणे ज्याच्या हाती आहे त्याचेही डोके त्याखाली यावे. भजनात तल्लीन झालेल्या गोरोबांच्या पायाखाली त्यांचेच मूल तुडवले गेले, अशी दुसरी कथा आहे. ती आपण भक्तीची परिसीमा म्हणून सांगतो, आणि शेवटी मूल जिवंत झाले म्हणून सुटकेचा श्वास टाकतो. त्या मुलाच्या आईच्या बाजूने ही कथा वर्गात किती वेळा वाचली जाते? परधर्मातील आईचे दुःख मांडण्यापूर्वी आपल्या लाडक्या संताच्या अंगणातील आईचे ऐकता यावे. ते ज्याला ऐकू येते, त्याने मग कोणत्याही धर्माच्या दारात जाऊन प्रश्न विचारावा. त्याला 'त्यांच्याबद्दल बोलाल काय' असे विचारून गप्प बसविता येणार नाही.