वाळवंट म्हणजे पडीक जमीन नव्हे

जमिनीवर झाडे दिसली नाहीत की ती ओसाड, आणि ओसाड जमिनीवर कोणतेही झाड उभे राहिले की तिचा उद्धार झाला, ही समजूत आपल्या सार्वजनिक जीवनात खोलवर रुजलेली आहे. वनीकरणाचे सरकारी आकडे, वृक्षारोपणाचे समारंभ आणि शाळकरी निबंध या तिन्ही ठिकाणी ती सारखीच आढळते. तिला छेद देणारा एक प्रयोग राजस्थानात जोधपूर येथे झाला आहे. मेहरानगड किल्ल्याला लागून असलेल्या सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीवर, केवळ त्या प्रदेशातील मूळ वनस्पतींचे उद्यान उभारण्याचे काम २००६ साली सुरू झाले. फेब्रुवारी २०११ मध्ये ते 'राव जोधा डेझर्ट रॉक पार्क' या नावाने लोकांसाठी खुले झाले.

काम सुरू झाले तेव्हा ही जमीन उघडी नव्हती. ती हिरवीच होती. मात्र ती हिरवाई एकाच परक्या झुडपाची होती. मेक्सिको व दक्षिण अमेरिकेकडून आलेल्या या झाडाला मारवाडात 'बावळिया' म्हणतात. महाराष्ट्रात तेच 'वेडी बाभूळ' म्हणून ओळखले जाते. मारवाड हिरवा व्हावा या सद्हेतूने जोधपूरचे महाराजा उमेदसिंह यांनी १९३० च्या दशकात त्याचे बी विमानातून विखुरले, असे सांगतात. बी रुजले आणि आजूबाजूच्या देशी वनस्पतींना मागे सारून पसरत गेले. या झाडाने गरिबाच्या चुलीला सरपण दिले आणि कोळशाचा धंदा चालविला, हे नाकारता येणार नाही. परंतु एका लाभासाठी समाजाने किती गोष्टी गमावल्या, याचा हिशेब कोणी ठेवला नाही.

हे झाड वरून तोडले तर पुन्हा फुटते; त्याची मुळे खडकाच्या भेगांत खोल शिरलेली असतात. उद्यानाचे शिल्पकार, वृक्षतज्ज्ञ प्रदीप कृष्ण यांना यावरचा उपाय पुस्तकात मिळाला नाही; तो जोधपूरच्या दगडखाणींत मिळाला. 'खंडवालिया' म्हणून ओळखले जाणारे पिढीजात खाणकामगार हातोडीच्या ठोक्याच्या आवाजावरून खडकाची घडण ओळखतात. त्यांनी छिन्नी-हातोडीने मुळांभोवतीचा दगड फोडून झाडे समूळ काढली. त्यातून तयार झालेल्या खड्ड्यांतच पुढे मूळ वनस्पतींची रोपे लावण्यात आली. ज्ञान केवळ पदवीधरांपाशी असते, हा भ्रम दूर होण्यास एवढे एक उदाहरण पुरेसे व्हावे.

उद्यानात येथे गुलाब आणि हिरवळ शोधणाऱ्याची निराशा होईल. काटेरी थोर, कुमट, गुंदी, केर, पिलू आणि रोहिडा ही या प्रदेशाची खरी संपत्ती. काही पावसाळ्यापुरत्या उगवतात, काही पाने टाकून उन्हाळा काढतात. थोराच्या काटेरी जाळीत शेळ्यांपासून बचावलेले दुसऱ्या झाडांचे रोपटे वाढते. म्हणजे रुक्ष दिसणारी ही वनस्पती इतरांसाठी पाळण्याचे काम करते. रोपे एकदा जगली की त्यांना पाणी फारसे लागत नाही. लागते ते माणसाचे लक्ष.

मारवाडच्या अर्थव्यवस्थेत या वनस्पतींचे स्थान किती मोलाचे आहे, हे एकट्या खेजडीवरून ध्यानात येते. महाराष्ट्रात दसऱ्याला पुजली जाणारी शमी ती हीच. तिचा पाला जनावरांचा चारा होतो, शेंगांची सांगरी ताटात येते आणि तिच्या सावलीखाली बाजरी चांगली पिकते. संवत १९५६ मध्ये, म्हणजे १८९९-१९०० साली पडलेल्या 'छप्पनिया' दुष्काळात माणसांनी तिची साल दळून खाल्ली. या झाडासाठी १७३० साली जोधपूरजवळील खेजडली येथे अमृतादेवींसह ३६३ बिश्नोईंनी प्राण दिले. त्यांच्या धर्मश्रद्धेमागे पिढ्यान्‌पिढ्यांचा उपजीविकेचा अनुभवही उभा होता.

असे असूनही महसुली दप्तराला यातले काहीच दिसत नाही. जेथे पीक नाही आणि दाट वनही नाही, ती जमीन 'पडीक', असा तेथील सरळ हिशेब आहे. मारवाडात गावोगावी देवाच्या नावाने राखलेली 'ओरण' नावाची राने आहेत. तेथे कुऱ्हाड चालत नाही. गुरे मात्र चरतात. यांपैकी कितीतरी जमिनींची नोंद पडीक म्हणूनच झालेली आहे. परिणामी सौरऊर्जा प्रकल्पांसाठी जमीन शोधताना प्रथम नजर त्यांच्याकडेच वळते. जैसलमेर जिल्ह्यातील गावकऱ्यांनी याविरुद्ध वारंवार आवाज उठविला आहे. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर २०२४ रोजी राजस्थान सरकारला अशा देवरानांची प्रत्यक्ष पाहणी करून त्यांची निश्चिती करण्याचा व त्यांना वनाचे संरक्षण देण्याचा आदेश दिला. सौरऊर्जेची गरज वादातीत आहे. परंतु ज्या जमिनीची किंमत शून्य धरली जाते, तिच्यावरील प्रत्येक प्रकल्प कागदावर फायदेशीरच दिसणार, हे अर्थशास्त्राच्या नवख्या विद्यार्थ्यालाही कळावे.

म्हणूनच मूळ वनस्पतींचे उद्यान ही केवळ चैनीची वस्तू नव्हे. जे दप्तरात नाही ते डोळ्यांना दाखविणारी ती एक उघडी नोंदवही आहे. मात्र जोधपूरचे उद्यान मेहरानगड म्युझियम ट्रस्टच्या आधारावर उभे आहे, ही गोष्ट विसरता येत नाही. प्रत्येक गावामागे असा ट्रस्ट नसतो. तेव्हा अशी उद्याने सर्वत्र व्हायची, तर त्यांची मालकी आणि राखण लोकांकडेच असली पाहिजे. सामाईक साधने नाश पावणे अटळ नाही. वापरणाऱ्यांनीच नियम केले आणि पाळले, तर ती टिकतात, हे २००९ च्या नोबेल पारितोषिकाच्या मानकरी एलिनॉर ऑस्ट्रम यांनी दाखवून दिले. ओरण हा त्याचा जुना पुरावाच होय.

अशा गावबागेला मोठे भांडवल नको. गावच्या रानातूनच बी गोळा करावे. प्रत्येक झाडाच्या पाटीवर स्थानिक नाव प्रथम आणि शास्त्रीय नाव नंतर लिहावे. गुराखी व वैदूंना मार्गदर्शक मानावे आणि शाळांनी राखणीचा वाटा उचलावा. खरी अडचण पहिल्या वर्षीच्या खर्चाची नसते. ती पाचव्या वर्षीच्या देखभालीची असते. उद्घाटनासाठी अनुदान सहज मिळते, राखणदाराच्या पगारासाठी मिळत नाही. ही तरतूद आधी करावी आणि मगच खड्डे खणावेत.

महाराष्ट्रालाही हा विषय परका नाही. सोलापूर-अहिल्यानगरकडील माळराने पडीक समजून त्यांवर झाडे लावण्याचा उत्साह येथेही कमी नाही, आणि वेडी बाभूळ तर घरचीच झाली आहे. पुढील पावसाळ्यात खड्डे खणण्यापूर्वी त्या माळावर आधी काय उगवत होते, असा प्रश्न एखाद्या शाळेने गावच्या धनगराला विचारला, तरी मोठे काम झाले असे म्हणता येईल.