घरातल्या जनीचे कोण लिहून घेणार?



गेल्या कार्तिकीला पंढरपुरात एका फडावर रात्रीचे कीर्तन ऐकायला बसलो होतो. गुडघ्यांमुळे माझे स्वतःचे उभे राहणे बंद झाले त्याला सात वर्षे होतील. आता ऐकण्याचे पुण्य तेवढे पदरात आहे. महाराज तरुण होते, आवाज गोड, पाठांतर चोख. अभंगाचे दुसरे चरण चालू असताना त्यांनी विषय सोडला आणि सुनांवर घसरले. ‘आमच्या आज्या डोळे मिटून मीठ टाकायच्या, आणि आजची सून मोबाईल उघडल्याशिवाय पोह्यांत हळद टाकत नाही. एक वाटी, अर्धा चमचा! अहो, स्वयंपाक करतेस की औषध देतेस?’ मंडप हसला. टाळकरी हसले. बायकांच्या बाजूनेही हसण्याचा आवाज आला. दोघीतिघी तेवढ्या मान खाली घालून बसल्या होत्या.

त्या महाराजांना मी दोष देत नाही, कारण तो विनोद आमच्या पिढीचा आहे. पंचवीस वर्षे मी स्वतः तो केला. तेव्हा मोबाईल नव्हता. त्या जागी कमलाबाई ओगल्यांचे ‘रुचिरा’ होते. १९७० साली ते पुस्तक निघाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने घरोघर पोचले. ‘पुस्तकात बघून कालवण करणारी सून’ एवढे म्हटले की हशा ठरलेला असे. तो विनोद मी आज मागे घेतो. आणि नुसता मागे घेऊन थांबत नाही. नारदाच्या गादीवरून तो कुणीच करू नये, असे माझे म्हणणे आहे, आणि ते का ते सांगतो.

आपण म्हणतो, स्वयंपाक अंदाजाचा असतो, हाताला चव असते, ते लिहून येत नाही. ही थोरवी गाणाऱ्यांत बहुतेक आम्ही पुरुष. जन्मात कधी कणीक मळलेली नाही, पण अंदाजाचे निरूपण तासभर करू. तो अंदाज आला कुठून, हे मात्र कुणी विचारत नाही.

माझ्या आईच्या फळीवर चिपटे, मापटे आणि शेर अशी तीन मापे उतरंडीने मांडलेली असत. दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. सकाळी धान्य निघायचे ते मापाने, कारण आषाढ-श्रावणात कणगीचा तळ दिसू लागे आणि सुगी लांब असे. १९५६ च्या कायद्याने पुढे किलो आला आणि ती मापे माळ्यावर गेली. तोवर ती आईच्या हातात उतरली होती. आई नऊ-दहा वर्षांची असताना चुलीपुढे बसली. भात करपला की पाठीत धपाटा, मीठ जास्त झाले की दिवसभर बोलणी. असे रोज दोन वेळा, कित्येक वर्षे. अंदाज म्हणजे मापाचे पाठांतर. त्याला दैवी देणगी म्हटले की ते पाठांतर करताना सोसलेले धपाटे आपोआप झाकले जातात.

आम्हा कीर्तनकारांना तरी हे सांगायला नको. जोगमहाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था काढली. तिथे मी चार वर्षे काढली. पहाटे उठून पाठांतर, एक चरण चुकले की पुन्हा पहिल्यापासून. पुढे गादीवर उभे राहिल्यावर हातात पोथी नसे, तेव्हा लोक म्हणत, महाराजांच्या मुखातून कसे आपोआप येते! आपोआप काही येत नव्हते. आणि कीर्तनात आपण एकेका विधानाला संतांचे प्रमाण देतो. प्रमाणाशिवाय बोलणाऱ्याला जाणते श्रोते बसूही देत नाहीत. मग स्वयंपाकघरात प्रमाण विचारणाऱ्या मुलीला हसायचे कशासाठी?

वारीतलेच पाहा. दिंडी जेजुरीहून वाल्ह्याला पोचण्याआधी आपला स्वयंपाकाचा ट्रक पुढे गेलेला असतो. तिथे आचाऱ्याला विचारा. शंभर माणसांना, भाकरी असेल तर, दहा किलो तांदूळ आणि चार-पाच किलो तूरडाळ, हे त्याच्या तोंडावर असते. भिशीचे पैसे गोरगरिबांनी भरलेले असतात. मापात चुकला तर कुणी उपाशी निजेल नाहीतर अन्न मातीत जाईल. त्या आचाऱ्याला आपण कसबी म्हणतो. तेच माप घरात सुनेने वापरले की ती अडाणी ठरते. सत्यनारायणाचा प्रसाद घ्या. रवा सव्वा, साखर सव्वा, तूप सव्वा. तिथे ‘होऊ द्या अंदाजाने’ असे म्हणणारा यजमान मी पाहिला नाही. मुक्ताईच्या मांड्यांची कथा आपण रंगवून सांगतो. विसोबाने गावात खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानोबांनी योगाग्नीने पाठ तापवली. चमत्कार खराच. पण त्या पाठीवर मांडे भाजायला मुक्ताईला मांडे यावे लागलेच. कणीक किती सैल हवी, हे काही योगाग्नी सांगत नाही.

काल्याला मात्र प्रमाण नाही, हे कबूल. गोपाळपुरात कुणाच्या शिदोरीतले पोहे, कुणाच्या लाह्या, कुणाचे दही, जे येईल ते एकत्र होते. पण घरी रोज काला करून चालत नाही.

आता घरचे सांगतो, कारण माझे हे सगळे म्हणणे तिथूनच निघाले आहे.

बारा वर्षांपूर्वी धाकट्याचे लग्न झाले. सूनबाई शहरात वाढलेल्या, नोकरी करणाऱ्या. हिच्या हाताखाली शिकू लागल्या तेव्हा विचारायच्या, ‘आई, डाळ किती घेऊ?’ ‘माणशी एक मूठ.’ ‘आणि चिंच?’ ‘लिंबाएवढी.’ ‘मीठ?’ ‘बघ की गं, हाताला कळतं.’ सूनबाईंच्या हाताला कळत नव्हते. एकदा आमटी पाणचट झाली, एकदा खारट, आणि दोन्ही वेळा मी भरल्या ताटावरून बोललो. मग त्यांनी एक लहान वजनकाटा आणला. हिने डाळ मुठीत घेतली की त्या ताटली पुढे करायच्या, ‘आई, आधी यात टाका.’ ताटली काट्यावर, आकडा वहीत, मग डाळ पातेल्यात. हिची मूठ ५२ ग्रॅमची भरली आणि सूनबाईंची ३८. म्हणजे ‘माणशी एक मूठ’ या एकाच वाक्याच्या त्या घरात दोन वेगळ्या आमट्या होत होत्या. मुलीचे काही चुकत नव्हते. तिचा हात लहान होता, एवढेच.

मला त्यात हे दिसले नाही, विनोद दिसला. पुढच्याच महिन्यात एका सप्ताहात मी तो सांगितला, ‘आमच्या घरी सासूची मूठ काट्यावर जोखतात, उद्या सासूच जोखतील!’ मंडप भरलेला होता, सगळे खळखळून हसले. सूनबाई बायकांत बसलेल्या होत्या. घरी आल्यावर त्या काही बोलल्या नाहीत. वही मात्र त्यांनी बंद केली नाही.

तीन वर्षांपूर्वी माघात हिला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. जीव राहिला, ही पांडुरंगाची कृपा. पन्नास वर्षे ज्या हाताने या घराला जेवू घातले तो हात आता मांडीवर पडलेला असतो, आणि ‘हाताला कळतं’ म्हणणाऱ्या तोंडाला शब्द नाही. जे हाताला कळत होते ते त्या हातातच अडकून राहिले.

इस्पितळातून हिला घरी आणले त्या संध्याकाळी ताटात आमटी आली. महिनाभर डब्याचे आणि कँटीनचे खाल्लेले. पहिला घास घेतला आणि हात थांबला. हिचीच आमटी. मी सूनबाईंकडे पाहिले. ‘वहीतली, नाना,’ त्या म्हणाल्या. त्या वहीत अशा चाळीसेक जिनसा आहेत. पुरण आहे, कटाची आमटी आहे, एकादशीची भगर आहे, हिच्या आईकडून आलेली एक हिरव्या मिरचीची चटणी आहे. ज्या गोष्टीला मी माणसांपुढे हसलो होतो, तिच्या आधारावर आज हे घर जेवते आहे.

आता मला सांगा. नेवाशाला शके १२१२ मध्ये माऊली बोलले, तेव्हा सच्चिदानंदबाबा लिहून घेत होते. माऊलींचा तो अनुभव होता, उसने काही नव्हते. तरीही ते लिहिले गेले, म्हणून तुमच्या-माझ्या हाती आले. पुढे प्रतींमध्ये पाठभेद शिरले, तेव्हा शके १५०६ मध्ये नाथमहाराजांनी बसून ग्रंथ शुद्ध केला. तुकोबांचे अभंग संताजी जगनाड्यांनी लिहून घेतले. आणि जनाबाईचे? दळणकांडण करणाऱ्या, दासी म्हणवणाऱ्या जनीचे अभंग खुद्द देवाने लिहून घेतले, असे आपण डोळ्यांत पाणी आणून सांगतो. मग घरातली जनी पन्नास वर्षे चुलीपुढे उभी असताना तिच्याजवळ वही घेऊन बसणारे कुणी नको का? जी बसते तिची आपण टिंगल करतो, आणि वर ‘आजींबरोबर ती चव गेली’ म्हणून तेराव्याला हळहळतो. चव जात नाही, आपण तिला जाऊ देतो.

सासूबाईंनाही दोन शब्द. ‘हाताला कळतं’ हे उत्तर खरे असले तरी शिकणारीला ते बंद दार आहे. काही घरांत ते दार मुद्दाम बंद ठेवलेले मी पाहिले आहे, स्वयंपाकघरातला आपला मान टिकावा म्हणून. परमार्थात विद्या लपवणाऱ्या गुरूला आपण काय म्हणतो?

आणि वहीनेच सगळे होते, असे समजणाऱ्या नव्या मंडळींनाही सांगतो. ज्वारीचे पीठ ताजे असेल तर भाकरी साध्या पाण्यात थापली जाते. तेच पीठ महिनाभर जुने झाले की चिकटपणा जातो, कडा फुटतात, आणि उकळत्या पाण्याशिवाय ते हाती लागत नाही. पाणी किती, हे पिठालाच विचारावे लागते. पुस्तकेही शेवटी ‘मीठ चवीनुसार’ असे लिहून हात जोडतातच. वाटीने सुरुवात करावी आणि हात तयार होईपर्यंत वाटी सोडू नये. आम्ही तरी पहिल्या वर्षी पोथी कुठे सोडली होती?

यंदाच्या आषाढी द्वादशीला घरी पारण्याचा स्वयंपाक होता. पुरणपोळीचा नैवेद्य झाला. आमटी वहीप्रमाणे तंतोतंत केलेली. हिला मी भरवतो. पहिला घास घेऊन हिने डावा हात उचलला आणि बोटे खालच्या दिशेने हलवली. मला वाटले, नको म्हणते आहे. सूनबाईंना बरोबर कळले. ‘पाणी कमी पडलं का, आई?’ हिने मान डोलावली. डाळ नवी होती, पटकन शिजून मिळून आली होती आणि आमटी दाटली होती. सूनबाईंनी कढत पाणी घातले, एक उकळी काढली, पुन्हा वाटी आणली. या वेळी हिने तोंड उघडले ते दुसऱ्या घासासाठी.

सूनबाईंचे हात पुरणाने भरलेले होते. म्हणून वहीतली ती ओळ मी लिहिली, ‘डाळ नवी असल्यास पाणी वाटीभर जास्त.’